सेप्सिस वेळेत ओळखण्याचे बंधन तालुक्याच्या रुग्णालयाला कसे घालावे

एखादे रुग्णालय सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था, वेळेत ओळखते की नाही, हे पाहायचे असेल तर वॉर्डात जाऊन कोणतेही दहा केसपेपर मागवावेत आणि टीपीआर चार्टमधला (तापमान, नाडी व श्वसनाच्या नोंदींचा कागद) श्वसनाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचावा. बहुतेक ठिकाणी तेथे २०, २०, २०, २० असे आकडे एकाखाली एक उभे असतात. न्यूमोनियाचा म्हातारा, बाळंतपणानंतर ताप भरलेली बाई आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला धडधाकट तरुण, हे तिघेही त्या कागदावर मिनिटाला बरोबर वीस वेळा श्वास घेत असतात. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना असे चार्ट मीही वर्षानुवर्षे सही करून पुढे सरकवले आहेत, तेव्हा हा दोष दुसऱ्याचा म्हणून सांगत नाही.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत एकदा सायंकाळी साठीच्या आसपासची एक बाई दाखल झाली. लघवीला जळजळ, दोन दिवसांचा ताप. चार्टवर ताप १०० फॅरनहाइट, नाडी १०८, रक्तदाब १०४/७०, ऑक्सिजन ९६ आणि श्वसन अर्थातच २०. सून म्हणत होती, "मामी सकाळपासून काहीबाही बोलायल्या, मला वळखंनात." आम्ही तापाची गोळी दिली, एक सलाईन लावली आणि सकाळी तपासण्या करू असे ठरवले. पहाटे चारला त्यांचे हातपाय गार पडले होते आणि रक्तदाब लागत नव्हता. नंतर तो कागद मी पुन्हा काढून बसलो. पुढे ज्या गुणपद्धतीचे वर्णन केले आहे, तिच्यानुसार त्या चार्टचे गुण अवघे २ होते. पण त्या बाईला एक वाक्य सलग पुरे करता येत नव्हते, हे मला आठवत होते. श्वसन खरोखर मोजले असते आणि २८ भरले असते, तर गुण ५ झाले असते. सुनेचे म्हणणे "नव्याने आलेला गोंधळ" म्हणून धरले असते तर ८. सर्व खुणा सायंकाळीच समोर होत्या. एक मोजली गेली नाही आणि एक ऐकली गेली नाही.

हे मार्गदर्शन अशाच चुका टाळण्यासाठी आहे. ते ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे अधीक्षक, परिचारिका, पंधरा-वीस खाटांचे खासगी दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि रुग्ण कल्याण समितीचे सदस्य यांच्यासाठी लिहिले आहे. मोठ्या शहरातील अतिदक्षता विभागाला त्यात नवे काही सापडणार नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवावा

आपल्याकडे "जखम सेप्टिक झाली" असे म्हणतात तेव्हा जखमेत पू झाला, एवढाच त्याचा अर्थ असतो. सेप्सिस ही त्यापुढची अवस्था आहे. २०१६ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन शरीराचेच अवयव निकामी होऊ लागणे आणि त्यातून जीव धोक्यात येणे म्हणजे सेप्सिस. मूळ संसर्ग कोठलाही असू शकतो: छातीतला, लघवीच्या मार्गातला, पोटातला, गर्भाशयातला, किंवा अनवाणी पायात काटा मोडून मधुमेहाच्या रुग्णाला झालेली साधी जखमसुद्धा. सेप्सिस म्हणजे भरपूर ताप, ही समजूतही खोडून काढावी लागते. वृद्धांत आणि नवजात बाळांत अंग उलट थंड पडू शकते, आणि ३६ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान हे ३९ अंशांइतकेच गांभीर्याने घ्यावे लागते.

२०१७ या एका वर्षात जगभर सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. २०१७ च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसचा प्रतिबंध, निदान आणि उपचार सुधारण्याचा ठराव केला. आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र "हृदयक्रिया बंद पडून" असेच लिहिलेले असते, त्यामुळे गावाला आणि पुष्कळदा रुग्णालयालाही या रोगाचे नाव कळत नाही.

सक्तीचा अनुभव काय सांगतो

रुग्णालयांवर असे बंधन घालण्याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे आहे. रोरी स्टॉन्टन हा १२ वर्षांचा मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळताना पडला, कोपराला खरचटले, नंतर ताप आणि उलट्या सुरू झाल्या. पोटाचा साधा आजार समजून त्याला आकस्मिक विभागातून घरी पाठवण्यात आले आणि १ एप्रिल २०१२ रोजी तो सेप्सिसने गेला. त्याच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून २०१३ मध्ये राज्याने नियम केले: प्रत्येक रुग्णालयाने सेप्सिस ओळखण्याची आणि उपचारांची लेखी पद्धत ठरवावी, कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण द्यावे आणि आपले आकडे राज्याच्या आरोग्य विभागाला कळवावेत.

त्या आकड्यांवरून १४९ रुग्णालयांतील ४९,३३१ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणे), लॅक्टेटची तपासणी (पेशींना रक्त कमी पडले की वाढणारा रक्तातला घटक) आणि प्रतिजैविक (अँटिबायोटिक) ही तीन कामे पूर्ण होण्यास जसजसा एकेक तास अधिक लागला, तसतशी मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेली. सलाईनचा पहिला मोठा डोस किती लवकर संपला, याचा मात्र मृत्यूशी तसा संबंध दिसला नाही. आपण नियम करताना या दुसऱ्या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे उपचार सुरू झाला याची खूण म्हणजे बाटली लागली, अशी पक्की समजूत आहे आणि प्रतिजैविकाची वेळ कोणी विचारत नाही.

मोजणी

नियमाचे पहिले कलम मोजणीचे असावे. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे श्वसन, नाडी, वरचा रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, तापमान आणि शुद्धी या सहा गोष्टी पहिल्या पंधरा मिनिटांत नोंदवाव्यात, तसेच ऑक्सिजन लावलेला आहे की नाही हेही लिहावे. या नोंदींवरून गुण काढण्याची न्यूज-२ ही पद्धत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिली. तिला रक्ताची कोणतीही तपासणी लागत नाही, त्यामुळे ती आपल्याकडच्या रात्रपाळीला झेपते. श्वसन १२ ते २० असेल तर ०, २१ ते २४ असेल तर २ आणि २५ किंवा अधिक असेल तर ३ गुण. वरचा रक्तदाब १०१ ते ११० असेल तर १, ९१ ते १०० असेल तर २, ९० किंवा कमी असेल तर ३. नाडी ९१ ते ११० असेल तर १, १११ ते १३० असेल तर २, त्याहून अधिक असेल तर ३. आणि रुग्ण नव्याने गोंधळलेला, ग्लानीत किंवा बेशुद्ध असेल तर एकदम ३. पूर्ण तक्ता छापून, लॅमिनेट करून प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर टांगावा. पाठांतरावर विसंबू नये. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि ७ झाली की सर्व कामे बाजूला सारून पाहावे. कोणत्याही एकाच गोष्टीला ३ गुण मिळाले, तरी बेरजेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. ही पद्धत १६ वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, हे तक्त्यावरच ठळक लिहून ठेवावे.

श्वसन मोजण्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. रुग्णाला "श्वास मोजते हं" असे सांगितले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेवून नजर छातीवर किंवा पोटावर ठेवावी आणि सेकंदकाटा पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. एका सिस्टरांनी आमच्याकडे याची चांगली युक्ती काढली होती: पोटावर तांब्याएवढी घडी घातलेला टॉवेल ठेवायचा आणि तो किती वेळा वर आला ते मोजायचे. नव्या मुलींना तेवढ्याने जमू लागले. एका वॉर्डात चाळीस रुग्ण आणि एक सिस्टर असेल तर प्रत्येकाचे पूर्ण मिनिट मोजणे शक्य नाही, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी ज्यांना संसर्ग असल्याची शंका आहे, ज्यांची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण नुकते झाले आहे आणि जे साठीपुढचे किंवा मधुमेही आहेत, त्यांचे तरी खरे मोजावे. बाकीच्यांच्या रकान्यात न मोजता २० लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना निदान खोटे बोलत नाही.

रक्तात लॅक्टेट मोजण्याची सोय तालुक्याला सहसा नसते. तिच्या जागी बोटाच्या टोकाला रक्त परत येण्याची वेळ पाहता येते, आणि सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेच्या, उपचारात तिचा आधार घेता येतो हे २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. मलेरियासाठी वापरतो तीच काचेची पट्टी रुग्णाच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर दहा सेकंद दाबून धरावी, कातडी पांढरी पडली की सोडावी आणि पूर्ववत रंग यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. तीनपेक्षा जास्त लागले तर रक्तदाब अजून ११० दिसत असला तरी रुग्ण घसरतो आहे असे समजावे. डिसेंबरच्या थंडीत उघड्या व्हरांड्यात ही तपासणी फसवते. आधी हात पांघरुणात घेऊन कोमट होऊ द्यावा.

नातेवाइकांचा शब्द चार्टवर

"नेहमीसारखे नाहीत", "बरळायलेत", "लेकरू अंगावर प्यायना", "सकाळपासून लघवीला गेलेच नाहीत" ही वाक्ये आपल्या केसपेपरवर कधी लिहिली जात नाहीत. ती लिहावीत, सांगणाऱ्याचे नाते आणि वेळ यांसह. रुग्ण गोंधळलेला आहे की त्याचा स्वभावच अबोल आहे, हे पहिल्यांदाच त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांना कसे कळणार? ते सुनेलाच कळते. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. तिच्या आईने व्यक्त केलेली काळजी वेळेवर मनावर घेतली गेली नव्हती. त्यानंतर २०२४ पासून तेथे "मार्थाचा नियम" लागू होऊ लागला, ज्यानुसार रुग्णाची प्रकृती ढासळते आहे असे वाटल्यास कुटुंबीयांना दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते. आपल्या तालुक्याला दुसरे पथक कोठून आणणार, पण नातेवाइकांनी दोनदा सांगूनही कोणी आले नाही तर त्यांनी थेट कोणाला फोन करावा, तो क्रमांक वॉर्डाच्या दारावर लिहिता येतो. तो अधीक्षकांचा असावा. सुरुवातीला नको त्या वेळी फोन येतील, हेही धरून चालावे.

अधिकार आणि किल्ली

मोजणी झाली, गुण ७ आले आणि पुढे काहीच झाले नाही, असे प्रसंग मी मोजणी न झाल्याच्या प्रसंगांइतकेच पाहिले आहेत. डॉक्टर शस्त्रक्रियागृहात असतात किंवा शवविच्छेदनाला गेलेले असतात, आणि परिचारिकेला स्वतःहून काय करण्याची मुभा आहे हे कोठेही लिहिलेले नसते. म्हणून अधीक्षकांच्या सहीचा एक पानी स्थायी आदेश काढावा. त्यात स्पष्ट म्हणावे की संसर्गाची शंका आणि ५ किंवा अधिक गुण असतील तर परिचारिकेने आदेशाची वाट न पाहता शीर घ्यावी, ऑक्सिजन कमी असल्यास लावावा, साखर तपासावी, रक्ताचे नमुने काढावेत आणि डॉक्टरांना फोन करून गुण सांगावेत. "पेशंट बरा वाटत नाही" असे नव्हे, तर "गुण आठ, श्वसन अठ्ठावीस, गोंधळलेल्या आहेत" असे सांगावे. डॉक्टर पोहोचू शकत नसतील तर त्यांनी फोनवर पहिल्या डोसचा आदेश द्यावा, परिचारिकेने औषधाचे नाव व मात्रा पुन्हा उच्चारून खात्री करून घ्यावी, तसे केसपेपरवर वेळेसह लिहावे आणि डॉक्टरांनी आल्यावर त्याखाली सही करावी.

याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न किल्लीचा आहे. इंजेक्शने भांडारात असतात, भांडाराची किल्ली फार्मासिस्टकडे असते आणि फार्मासिस्ट संध्याकाळी घरी जातात. नातेवाईक मग चिठ्ठी घेऊन बसस्टँडसमोरच्या मेडिकलवर धावतात. हा तास टाळण्यासाठी आकस्मिक कक्षात सेप्सिसचा स्वतंत्र ट्रे असावा: हिरवे १८ नंबरचे दोन इंट्राकॅथ (शिरेत घालायच्या सुया), कल्चरच्या दोन बाटल्या, रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या तीन बाटल्या, प्रतिजैविकाचे पहिल्या डोसाइतके वायल, लघवीची नळी व पिशवी, ग्लुकोमीटर, काचेची पट्टी आणि वेळा लिहिण्याची चिठ्ठी. प्रत्येक पाळी बदलताना ट्रे मोजून सही करावी, जशी आपण ऑक्सिजन सिलिंडरची करतो.

पहिला तास

शॉक असेल, किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल, तर प्रतिजैविक एका तासाच्या आत गेलेच पाहिजे. रक्तदाब ठीक आहे पण सेप्सिस आहे की नाही याबद्दल शंका आहे, अशा रुग्णाच्या तपासण्या झपाट्याने करून तीन तासांच्या आत निर्णय घ्यावा. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा फरक मुद्दाम केला आहे आणि आपल्या नियमातही तो ठेवावा. अन्यथा ताप आलेल्या प्रत्येकाला भारी इंजेक्शन टोचण्याची आपल्याकडची सवय नियमाच्या आडून पक्की होईल. एप्रिल-मे महिन्यांत उष्माघात, पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा आणि एरवी मधुमेहात रक्त आम्लयुक्त होण्याची अवस्था (कीटोॲसिडोसिस) ही सर्व वरवर सेप्सिससारखी दिसू शकतात. डोळ्यांच्या बाहुल्या, लघवीतील कीटोन आणि मलेरियाची पट्टी पाहायला पाच मिनिटे लागतात.

कल्चरसाठी रक्त प्रतिजैविकाच्या आधी, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर घ्यावे. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत, खोलीच्या तापमानातच वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवाव्यात. रक्त निघत नाही म्हणून औषध थांबवू नये. कोणते प्रतिजैविक द्यायचे, हे ज्या महाविद्यालयाकडे आपण रुग्ण पाठवतो त्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला विचारून ठरवावे आणि वर्षातून एकदा बदल तपासावा. समाजातून झालेल्या संसर्गासाठी प्रौढांत सेफ्ट्रिॲक्झोन २ ग्रॅम शिरेतून ही सर्वपरिचित सुरुवात आहे. ते रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळू नये आणि चालू असलेल्या त्याच नळीतून देऊ नये. कॅल्शियममुळे साका बसतो. नळी नॉर्मल सलाईनने धुऊन मग द्यावे. रुग्ण शेतात, गवतात वावरणारा असेल तर काखेत, जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग शोधावा. स्क्रब टायफसची (गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) शंका आली तर डॉक्सिसायक्लिन जोडावे, कारण सेफ्ट्रिॲक्झोनचा त्यावर उपयोग नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी काय टोचले, हेही विचारावे. आणि पू असेल तेथे औषध पुरत नाही: गळू फोडावे लागते, राहिलेला वारेचा तुकडा काढावा लागतो, सडलेले बोट शल्यचिकित्सकाला दाखवावे लागते.

सलाईनच्या बाबतीत मी सावध राहण्याच्या बाजूचा आहे. रक्तदाब कमी असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे ५० किलोच्या बाईला साधारण दीड लिटर, असे सूचनांत म्हटले आहे. पण झांबियामध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जेथे कृत्रिम श्वसनाची सोय तुटपुंजी होती, तेथे सढळ सलाईन आणि रक्तदाब वाढवणारी औषधे ठरवून दिलेल्या गटात ४८ टक्के रुग्ण दगावले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३३ टक्के. ते रुग्ण बहुतांश एचआयव्हीबाधित होते, आपले तसे नाहीत. परंतु व्हेंटिलेटरविना फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाचे काय होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून एकेक बाटली द्यावी, प्रत्येक ५०० मिलिलिटरनंतर श्वसन, फुप्फुसांच्या तळाशी कुरकुर, बोटाच्या टोकाचा रंग आणि रक्तदाब पाहावा, आणि मगच पुढची लावावी. बाटली रिंगर लॅक्टेटची किंवा नॉर्मल सलाईनची असावी. "ताकदीची" म्हणून लावली जाणारी साखरेची सलाईन येथे कामाची नाही. दोन-तीन बाटल्यांनंतरही सरासरी रक्तदाब (वरच्या व खालच्या आकड्यांवरून काढलेला) ६५ च्या खाली राहिला तर नॉरॲड्रेनालिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करावे. त्यासाठी मानेतली मोठी शीर मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. कोपरातल्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत, ते चालू करता येते. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे त्याच बाईला २५ मिलिलिटर, यावी.

"घाटीला हलवा" म्हणण्यापूर्वी

मराठवाड्यात गंभीर रुग्णाचा प्रवास ठरलेला असतो: छत्रपती संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरीतले शासकीय रुग्णालय, लातूर, उमरगा-तुळजापूरकडचे लोक सोलापूर गाठतात आणि आष्टीचे अहिल्यानगर. किनवटहून नांदेडला पोहोचेपर्यंत सहज दोन-तीन तास जातात, आणि हा सगळा वेळ प्रतिजैविकाविना गेला तर वरच्या रुग्णालयाने कितीही धावपळ केली तरी पहिला तास हातातून गेलेलाच असतो. म्हणून नियमात एक वाक्य ठळक असावे: संदर्भित करण्याचा निर्णय झाला तरी पहिला डोस येथेच दिला जाईल. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंतची वीस-तीस मिनिटे याच कामासाठी वापरावीत. चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी" एवढेच लिहून मोकळे होऊ नये. रुग्ण दारात आल्याची वेळ, पहिल्या गुणांची वेळ व बेरीज, प्रतिजैविकाचे नाव, मात्रा आणि वेळ, किती सलाईन गेली, निघतानाचे गुण आणि ज्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले त्यांचे नाव लिहावे. कल्चरच्या बाटल्या त्याच गाडीतून, रुग्णाच्या नावाच्या पट्टीसह पाठवाव्यात.

बाळंतीण आणि तान्हे

बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत होणाऱ्या संसर्गातून उद्भवलेला सेप्सिस हा मातृत्वाचा सेप्सिस मानला जातो, आणि नेमक्या याच काळात बाई माहेरी, शेकोटीच्या खोलीत, ताप आला तरी "अंगावर दूध आले असेल" या समजुतीत पडून असते. घरी सोडताना तिला आणि तिच्या आईला चार गोष्टी तोंडी सांगाव्यात: घाण वासाचा स्राव, थंडी वाजून ताप, धाप आणि लघवी कमी होणे. आशाताईंच्या नवजात बाळाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेतच. त्याच भेटीत आईचाही श्वास मोजायला त्यांना शिकवावे. बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग ३५.५ अंशांपेक्षा थंड असेल किंवा हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, तर वाट पाहू नये. पाठवण्यापूर्वीचा जेंटामायसिनचा डोस विशिष्ट परिस्थितीत एएनएमनेही (उपकेंद्रातील परिचारिकेनेही) द्यावा, अशी केंद्र शासनाची सूचना २०१४ पासून आहे. उपकेंद्रात ते इंजेक्शन आहे का, एवढे तपासावे. ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबांकडे फडावर झालेल्या बाळंतपणाचे कागद अनेकदा नसतात, त्यामुळे तेथे विचारपूस अधिक करावी लागते.

ठराव आणि पाठपुरावा

स्वतंत्र कायदा येईल तेव्हा येईल; तोवर सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीचा ठराव आणि त्यावर आधारलेला अधीक्षकांचा स्थायी आदेश एवढ्याने काम सुरू होते. ठरावात मोजणी, गुणांवरची कृती, ट्रे, पहिला डोस आणि मासिक तपासणी ही पाच कलमे असावीत, ट्रेचा खर्च समितीच्या निधीतून मंजूर करावा आणि प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना द्यावी. खासगी रुग्णालये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदलेली असतात. तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास उपचारांचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात, ही तरतूद २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने हा तक्ता स्वतःहून स्वीकारला तर उत्तमच. रुग्णालयाचे आकडे समितीने मागूनही मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ३० दिवसांत मागता येतात. आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत तेव्हाचे उस्मानाबाद होते. गावच्या समित्यांनी रुग्णालयाला जाब विचारणे आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

मासिक तपासणी साधी ठेवावी. संसर्गाने दाखल झालेले, वर पाठवलेले आणि दगावलेले मिळून दहा केसपेपर काढावेत. प्रत्येकातून चार वेळा कागदावर उतरवाव्यात: दारात आल्याची, पहिल्या गुणांची, पहिल्या प्रतिजैविकाची आणि वर पाठवले असल्यास निघाल्याची. दारापासून औषधापर्यंत किती मिनिटे लागली ते बैठकीत वाचून दाखवावे, पण सिस्टरांचे किंवा डॉक्टरांचे नाव वाचू नये. नाव वाचले की पुढच्या महिन्यापासून वेळा मागाहून भरल्या जातात आणि सगळे आकडे सुरेख येऊ लागतात. सर्वच रुग्णांना बरोबर ५५ मिनिटांत औषध मिळालेले दिसले तर आनंद मानू नये, भांडाराचे रजिस्टर शेजारी ठेवून पडताळावे. वर पाठवलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे फोन करून विचारण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवावे. मी हे काम करताना पहिल्या दोन महिन्यांत वरच्या रुग्णालयातून धड उत्तर मिळाले नाही; तिसऱ्या महिन्यात तेथील एका निवासी डॉक्टरांनी स्वतःच विचारले की तुमच्या चिठ्ठीवर प्रतिजैविकाची वेळ असते, ती बाकीचे का लिहीत नाहीत.

वेळा लिहायच्या तर घड्याळ लागते. आकस्मिक कक्षात, प्रसूतिगृहात आणि प्रत्येक वॉर्डात खाटांवरून दिसेल असे, सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ समितीने घेऊन द्यावे, सर्व घड्याळे दर सोमवारी मोबाइलशी जुळवावीत आणि त्यांचे सेल बदलण्याचे काम कोणाचे, तेही ठरावात पदनामासह लिहावे.